आधी ओळ, मग अक्षर

नमस्कार, श्रोतेहो.

ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात माझ्या आजोबांचे कागद आहेत. जमिनीचे दस्त, देण्याघेण्याच्या याद्या, थोडी पत्रं. सगळं मोडीत, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या लिपीत. वर्षातून एकदा आजोबा ते कागद उन्हात घालायचे, तेव्हा मी शेजारी बसून बघत राहायचे. वळणं घेत गेलेल्या ओळी, शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला ते कळू नये अशा सलग. आजोबा गेले आणि त्यातलं अक्षरही वाचणारं घरात कुणी उरलं नाही. माझ्याच आजोबांनी माझ्याच मराठीत लिहिलेलं मला वाचता येत नाही, ही बोच मी खूप वर्षं बाळगली.

मोडी शिकायचं मी चार वेळा ठरवलं. एका पाडव्याला, एका दसऱ्याला पाटीपूजन करताना, एका १ जानेवारीला आणि शेवटी पन्नासाव्या वाढदिवसाला. चारही वेळा पंधरवड्याच्या आत वही कपाटात गेली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच. आपण अशा माणसाला लगेच आरंभशूर म्हणून मोकळे होतो, घरातल्या मुलांना तर फारच सहज. मला हा शब्द आवडत नाही. सुरुवात करायलाही बळ लागतं, आणि पुन्हा सुरुवात करायला त्याहून जास्त.

मुहूर्ताला मी नावं ठेवणार नाही. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं, की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला व्यायामशाळेत जाणाऱ्यांची संख्या खरोखरच वाढते. नवा दिवस उजाडला की मागच्या चुका मागे राहिल्यासारख्या वाटतात आणि पाऊल उचललं जातं. पण मुहूर्त पहिलं पाऊल उचलून देतो. दहाव्या दिवशी संध्याकाळी, दमून घरी आल्यावर, तो सोबत नसतो.

मग सोबत कोण असतं? मला वाटायचं, जिद्द. प्रेरणा. म्हणून मी प्रेरणा देणारी भाषणं ऐकायचे. ऐकताना अंगावर काटा यायचा, आणि दुसऱ्या दिवशी वही तशीच बंद. याचं उत्तर मला एका ब्रिटिश अभ्यासात मिळालं. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांचा तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा, एवढीच गोष्ट. पहिल्या गटाला काहीच सांगितलं नाही, त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाचे फायदे आणि हृदयविकाराचा धोका पटवून दिला. त्यांच्यातल्या फक्त ३५ टक्क्यांनी केला. तिसऱ्या गटाला तेच पटवून दिलं, आणि वर एका कागदावर लिहायला लावलं: येत्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. त्या गटातल्या ९१ टक्क्यांनी केला.

पटणं आणि घडणं यांच्यामध्ये एक कोरी जागा असते, श्रोतेहो. ती वेळ आणि ठिकाण लिहूनच भरावी लागते.

मीही लिहिलं. पण चुकीचं लिहिलं, आणि ती चूक तुम्ही करू नये म्हणून सांगते. माझी नोकरी भायखळ्याला. मी ठरवलं, संध्याकाळी लोकलमध्ये बसायला मिळालं की बाराखडी गिरवायची. आता संध्याकाळी भायखळ्याला चढल्यावर घाटकोपरपर्यंत तर उभंच राहायचं. त्यापुढे जागा मिळाली तर मिळाली, आणि मिळाली तरी हलत्या गाडीत मोडीचं वळण साधत नाही. आपलं काम ज्या खुंटीला टांगायचं, ती खुंटी रोजची हवी आणि आपल्या हातातली हवी.

माझ्या घरात रोज न चुकता होणारी गोष्ट कोणती? भात. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला मी कुकर लावते. पाहुणे असोत, सण असो, बरं नसो, कुकर लागतोच. म्हणून तांदळाच्या डब्याशेजारी वही आणि पेन ठेवलं. कुकर लावला की ओट्याशीच वही उघडायची आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहायचं. तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद, वहीही बंद. रोजची दहा-बारा मिनिटं. कुणी म्हणेल, दहा मिनिटांत काय होणार? पण यापूर्वी मी रोज एक तासाचा बेत करत होते, आणि तो तास मला चारही वेळा मिळाला नव्हता.

मोडी लिहिण्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे का? देवनागरीत आपण शब्द लिहितो आणि मग वर रेघ ओढतो. मोडी लिहिणारे आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ आखून घेत, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर, शक्यतो हात न उचलता, लिहीत जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, वेलांटी एकच, उकार एकच. ती रेघ आखताना मला रोज त्या तिसऱ्या गटाचा कागद आठवायचा.

आता, हे अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांत सवय लागते असं तुम्हीही ऐकलं असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याला सरावायला पेशंटला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लोकांनी ‘निदान’ गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे लक्ष ठेवलं. रोजच्या एखाद्या ठरलेल्या वेळेला जोडून प्रत्येकाने एक छोटी गोष्ट करायची: नाश्त्यानंतर पेलाभर पाणी, किंवा कॉफीनंतर पन्नास सिट-अप्स असं काही. आपोआप घडण्याच्या टप्प्यापर्यंत यायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८, आणि ज्यांना सर्वांत वेळ लागेल त्यांचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. बाविसाव्या दिवशी सवय लागली नाही म्हणून कितीजणांनी स्वतःला नालायक ठरवलं असेल, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं.

त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर घडत आलेल्या सवयीला फारसा धक्का लागत नाही.

पण माझा चुकला तो एकच दिवस नव्हता. जुलैमध्ये सासूबाई दवाखान्यात होत्या. तीन आठवडे घरात कुकर लागला तो शेजारणीच्या हातून. परत आल्यावर ती वही बघवेना. पुन्हा तेच, तुझ्याच्याने होणार नाही, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. अशा वेळी स्वतःला झोडपलं तर काम पुढे सरकत नाही, उलट अडतं. कॅनडातल्या मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. मी माफ वगैरे शब्द वापरले नाहीत. एवढंच केलं, की त्या संध्याकाळी फक्त रेघ आखली. अक्षर एकही नाही. दुसऱ्या दिवशी रेघ आणि ‘क’ची बाराखडी. आठवड्याने पुन्हा तीन शिट्ट्या भरल्या.

तुमच्या मनात काय आहे, कोण जाणे. कुणाला पहाटे तलावपाळीला चकरा मारायच्या असतील, कुणाला अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायची असेल, कुणाला घरच्यांशी आवाज न चढवता बोलायचं असेल. व्यसन सोडायचं असेल तर एकट्याने झगडू नका, डॉक्टरांकडे जा, ते काम वेगळं आहे. बाकी कशासाठीही, आज हे भाषण संपल्यावर एक चिठ्ठी लिहा. रोज घडणारी कोणती गोष्ट झाली की, कुठे बसून, किती थोडं करणार. आणि ती चिठ्ठी जिथे ते काम करायचं तिथेच चिकटवा.

दिवाळीच्या सफाईत मी ट्रंक खाली काढली. सर्वांत वरच्या दस्तावर पहिल्या ओळीत ‘मौजे’ हा शब्द लागला. मग गावाचं नाव लागलं. बाकीचं पान अजून मला अवघड आहे, बराच भाग अडतो. पण तळाशी, आजोबांच्या नावापुढे असलेली दोन अक्षरगुच्छांची खूण, जी मी लहानपणापासून नुसती नक्षी समजत आले होते, ती त्या दुपारी मला वाचता आली. ‘दस्तुर खुद्द.’ म्हणजे, हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

नमस्कार.