अंगुस्तान, कवटी आणि चाक

हा फोटो जरा थांबून पाहा. साल १९१९. यात चेहरा नाही. गडद पार्श्वभूमीवर दोन हात आहेत आणि एका बोटात अंगुस्तान. शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ना, ती एवढीशी टोपी.

हात अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांचे. कॅमेऱ्यामागे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ, पुढे १९२४ मध्ये त्यांचे पती झाले ते.

बोटं किती सहज वळलेली वाटतात! पण तो काळ काचेच्या निगेटिव्हचा, फोटो उमटायला बराच वेळ लागायचा. तीन-तीन, चार-चार मिनिटं हलायचं नाही, असं ओकीफ यांनीच लिहून ठेवलंय. इतका वेळ बोट हवेत धरून बघा, म्हणजे या सहजतेची किंमत कळेल.

एका फोटोत माणूस मावत नाही, ही स्टिग्लिट्झ यांची धारणा. म्हणून १९१७ पासून वीस वर्षं ते ओकीफना टिपत राहिले. तीनशेहून जास्त फोटो. चेहरा, मान, पाय आणि पुन्हा पुन्हा हात. सगळे मिळून एकच व्यक्तिचित्र.

अंगुस्तान दिसलं की घरकाम करणारी बाई आठवते. मला ते वाचन अपुरं वाटतं. ओकीफ स्वतःचे कपडे स्वतः शिवत, साधे, नेटक्या टाक्यांचे. कुंचल्याइतकीच सुईही त्यांच्या हातातली. ही वस्तू कुणी फोटोपुरती आणून दिलेली नाही, ती त्यांच्या रोजच्या जगण्यातली आहे.

आता १९३१. तेच हात, घोड्याच्या कवटीवर. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात वेचलेली हाडं ओकीफ यांनी पिंपात भरून न्यूयॉर्ककडे धाडली होती. त्या हाडांत त्यांना मरण दिसत नव्हतं, त्यांची चित्रं पाहिली की हे पटतं. फोटोतही बघा, हात कवटीला भीत नाहीत. ओळखीच्या जनावराच्या तोंडावरून फिरवावा, तसे ते टेकलेत.

आणि १९३३. मोटारीचं चकचकीत चाक, त्यावर एक हात, मनगटात कडं. गाडी ओकीफ यांची. १९२९ मध्ये न्यू मेक्सिकोत त्या गाडी चालवायला शिकल्या, आणि मग उन्हाळा आला की तिकडे जाऊ लागल्या. स्टिग्लिट्झ मात्र न्यूयॉर्कमध्येच राहत. ज्या चाकावर ती दूर जाते, त्याच चाकावरचा तिचा हात त्यांनी टिपलाय. या फोटोपाशी मी दर वेळी रेंगाळते.

१९४६ मध्ये स्टिग्लिट्झ गेले. ओकीफ पुढे चाळीस वर्षं जगल्या. म्हातारपणी नजर अधू झाली, तेव्हा त्याच हातांनी त्यांनी माती घेतली आणि भांडी घडवायला लागल्या.