‘गाडीत काही फॉल्ट नाही, सर’
(नागपूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, आणि मे महिन्यातल्या संध्याकाळी घरचा कूलर सोडून या सभागृहात आलेल्या श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘गाडी अचानक सुसाट सुटली किंवा भर रस्त्यात बंद पडली तर काय करावे’ असा छापला आहे, आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. मात्र त्याआधी, बऱ्याच वर्षांपासून मनात घोळत असलेला एक मुद्दा मला मांडू द्यावा. गाडीतला दोष पुढे सिद्ध होणार की हवेत विरणार, हे सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात पहिल्याच दिवशी ठरून जाते, आणि तो रकाना भरण्याचे काम आपण निमूटपणे काउंटरमागच्या माणसावर सोपवून मोकळे होतो.

माझ्या पेट्रोल गाडीचेच उदाहरण सांगतो. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात ती गुणी मुलासारखी वागे; परंतु पारा 45 अंशांच्या आसपास गेला, की तासभर चालवल्यानंतर वर्धा रोडवर कुठेतरी, काहीही पूर्वसूचना न देता, तिचे इंजिन बंद पडत असे. धक्का नाही, आवाज नाही. आरपीएमचा काटा शून्यावर येई, डॅशबोर्डवरचे झाडून सारे दिवे एकदम लागत आणि स्टिअरिंग हातात दगडासारखे जड होई. मागून येणारा ट्रक आपल्याला पाहतो आहे की मोबाइलला, हे आरशात बघत बघत गाडी डावीकडे घ्यायची, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत उभी करायची आणि वाट पाहायची. अर्ध्या तासाने सेल्फ मारला, की काही घडलेच नाही अशा थाटात ती चालू होई.

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने माझे म्हणणे अत्यंत आदराने ऐकून घेतले आणि जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप, वॉशिंग’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, म्हणजे नागपुरात मे महिन्यात माणसाला माणूस ओळखू येतो अशा एकमेव वेळी, त्यांच्या ड्रायव्हरने गाडी एक चक्कर फिरवून आणली, स्कॅनर लावला, त्यात बिघाडाचा कोड सापडला नाही, आणि मला फोन आला : ‘गाडीत काही फॉल्ट नाही, सर. नॉर्मल आहे.’ पुढच्या खेपेस बॅटरी बदलली गेली, त्याच्या पुढच्या खेपेस फ्युएल पंप; बिल प्रत्येक वेळी वाढत गेले आणि तक्रारीचा रकाना मात्र ‘जनरल चेकअप’वरून तसूभरही पुढे सरकला नाही. माझी पत्नी एकदा म्हणाली, ‘अहो, गाडी धुण्यासाठी इतके पैसे मोजणारे नागपुरात तुम्ही एकटेच असाल.’

शेवटी हिंगणा रोडवरच्या एका छोट्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला : ‘काका, गरम झाल्यावरच बंद पडते आणि थंड झाल्यावर लागते, असंच ना?’ त्याने क्रँक सेन्सर बदलला आणि तो विषय तिथेच संपला. इंजिनाचा दांडा या क्षणी नेमका कोणत्या स्थितीत आहे, हे हा सेन्सर संगणकाला सांगतो; त्याच्या आतली बारीक तार उष्णतेने संपर्क सोडू लागली, की संकेत थांबतो, आणि संकेत थांबला की संगणक स्पार्क व इंधन दोन्ही बंद करतो. सेन्सर थंड झाला की संपर्क पूर्ववत होतो आणि पुष्कळदा स्कॅनरमध्ये नोंदही सापडत नाही. सकाळी सातच्या चकरीत हा दोष कधीच दिसणार नव्हता. ‘दुपारी, तासभर चालवल्यानंतर, ऐंशीच्या वेगात इंजिन बंद’ एवढे शब्द कार्डावर असते, तर गाडी दुपारी फिरवावी लागली असती. माझी खरी तक्रार त्या सेन्सरबद्दल नाहीच, कारण सुटे भाग बिघडतातच; ती आहे त्या कोऱ्या रकान्याबद्दल.

आता कुणी म्हणेल की, हे आपल्याकडचेच रडगाणे आहे. तसे मुळीच नाही. जनरल मोटर्सच्या कोबाल्टसारख्या गाड्यांमध्ये इग्निशन स्विच इतका सैल होता, की जड किल्ल्यांच्या जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चावी मागे सरके, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत. लोकांनी तक्रारी केल्या होत्या. परंतु चालती गाडी बंद पडणे हा प्रकार कंपनीने सुरक्षेचा नव्हे, तर ‘ग्राहकाच्या सोयी’चा प्रश्न म्हणून दप्तरी लावला. पुढे स्विचची रचना सुधारली, पण भागाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला, त्यामुळे नंतर शोध घेणाऱ्यांना जुने व नवे स्विच वेगळे आहेत हेच वर्षानुवर्षे उमगले नाही. 2014 साली सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि कंपनीच्याच भरपाई निधीने 124 मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. याच चौकशीत बाहेर आले की, अहवाल लिहिताना ‘दोष’ असे न लिहिता ‘रचनेनुसार काम करत नाही’ असे लिहावे, अशी शिकवण तिथल्या कर्मचाऱ्यांना दिली जात होती. आमच्या ‘जनरल चेकअप’चे हे थोरले, इंग्रजी शिकलेले भाऊ.

गाडी सुसाट सुटण्याचा इतिहास मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तिथे केवळ मालकाची बाजू घेऊन भागत नाही. 1986 साली अमेरिकेत ऑडी 5000 ही गाडी आपोआप धावत सुटते, असा मोठा गाजावाजा दूरचित्रवाणीवरून झाला. त्या कार्यक्रमात दाखवलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये बाहेरून दाबाने हवा सोडून पेडल हलवले गेले होते, हे नंतर उघड झाले. 1989 मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने निष्कर्ष काढला, की बहुतेक घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. तोवर कंपनीची तिथली विक्री वर्षाला सुमारे 74 हजारांवरून घसरणीला लागली होती. 1991 मध्ये ती 12 हजारांच्या घरात आली. तरीही मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल : ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पार्क’मधून निघूच नये अशी कुलपाची सोय आली. चूक चालकाची होती हे मान्य करूनही रचना बदलता येते, हे त्या प्रकरणाने दाखवले. आपल्याकडे मात्र चूक चालकाची ठरली की फाइल बंद होते.

टोयोटाच्या बाबतीत उलटे झाले. 2009 साली कॅलिफोर्नियात, डीलरने तात्पुरत्या दिलेल्या, टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीत चुकीच्या मापाची मॅट ॲक्सिलरेटरवर अडकली आणि चार जण दगावले. नासाच्या अभियंत्यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तपासली, तेव्हा 2011 च्या अहवालानुसार अशा घटनांना कारण ठरेल असा दोष त्यांना त्यात सापडला नाही; तर 2013 मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीने, सॉफ्टवेअरतज्ज्ञांची साक्ष ऐकून, एका टोयोटा कॅमरीच्या अपघातासाठी कंपनीला जबाबदार धरले. मॅट आणि अडकणाऱ्या पेडलविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल 2014 मध्ये कंपनीने 120 कोटी डॉलर भरले. या तीन वाक्यांत एकमेकांशी न जुळणारे पुष्कळ काही आहे, आणि त्यावर मी तासभर बोलू शकतो. परंतु अध्यक्षांनी दुसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिले आहे, आणि आता तर चिठ्ठीही आली. ‘पाच मिनिटे’ असे लिहिले आहे. तेव्हा पत्रिकेवर छापलेला विषय आता घाईने आटोपतो.

गाडी आपोआप वेग घेऊ लागली, तर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबा आणि दाबूनच ठेवा. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी इंजिनातून मिळते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडे असताना ती नव्याने तयार होत नाही, म्हणून ब्रेक पंप करत राहिलात तर दोन-तीन दाबांत ती संपते आणि पेडल लाकडासारखे कठीण होते. त्याच वेळी गिअर न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन कितीही बोंबलले तरी बोंबलू द्या. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. बटणाच्या गाडीत, इतर काही चालले नाही, तर बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, नुसते टिचकी मारल्यासारखे दाबून भागत नाही. मात्र ब्रेक दाबूनही गाडी अधिकच पळते आहे असे वाटले, तर पाय उचला आणि कुठल्या पेडलवर आहे ते आधी बघा.

जुनी टर्बो डिझेल असेल तर एक निराळाच प्रकार संभवतो : टर्बोची, म्हणजे इंजिनात दाबाने हवा ढकलणाऱ्या पंख्याची, सील गेली, की इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत पळत सुटते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ते गुदमरवतात. इंजिनाजवळ जाऊन हात घालू नये.

गाडी बंद पडली, तर स्टिअरिंग जड होते पण वळते, आणि ब्रेकमध्ये एक-दोन दाबांपुरते साहाय्य शिल्लक असते. ते वाया न घालवता हॅझर्डचे दिवे लावून डावीकडे या. समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगात हे घडले तर बाजूला थांबल्यावर सर्वांनी गाडीतून उतरून कठड्याच्या पलीकडे जावे, आत बसून मेकॅनिकला फोन लावू नये. कंपनीच्या मॅटवर बाजारातली दुसरी जाड मॅट टाकू नका, आणि पाण्याची बाटली चालकाच्या पायांपाशी कदापि ठेवू नका. ती ब्रेकखाली घरंगळत जाते.

कायद्याविषयी दोनच वाक्ये. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 110-अ आले, त्यानुसार ठरावीक प्रमाणात मालकांनी सरकारकडे दोष कळवला तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते; आणि ते खाते आपल्याच शहराच्या खासदारांकडे असल्यामुळे ‘दिल्ली दूर आहे’ ही सबब नागपूरकराला सांगता येत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते, पण तिथे पहिला प्रश्न जॉब कार्डाविषयी येतो. त्यावर वेळ, वेग, गिअर, किती वेळ गाडी चालली होती, कोणते दिवे लागले आणि पुन्हा केव्हा सुरू झाली, हे आपल्या शब्दांत लिहवून घ्या. ‘सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही’ असे उत्तर मिळाले, तर पेनने लिहा, फोटो काढा आणि तोच मजकूर ईमेलने पाठवा.

प्रश्न पुष्कळ असतील, हे समोरच्या चेहऱ्यांवरून दिसतेच आहे. ते खाली चहाच्या वेळी घेऊ; गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवणाऱ्यांना प्राधान्य देईन.