सूचना संपेपर्यंत बसा

(दृश्य: रविवार सकाळ. भायखळा स्टेशनचा पूल. साडीवर पांढरी ओढणी घेतलेल्या दोन बायका, हातात बायबल आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक.)

मिशनच्या कामासाठी मुंबईत आलेल्या माणसाला चर्च शोधावं लागत नाही. फोर्टातलं सेंट थॉमस १७१८ पासून उभं आहे. दादरचं पोर्तुगीज चर्च त्याहून जुनं. माहीमला बुधवारी नोव्हेनाच्या, म्हणजे खास प्रार्थनेच्या, गर्दीने रस्ता भरतो. अडचण पुढची आहे: हात नेमका कुठे लावायचा? मोठ्या नावांकडे सगळेच जातात. शाळेच्या वर्गात, भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मराठी मंडळ्यांकडे, म्हणजे छोट्या ख्रिस्ती उपासक-समूहांकडे, फारसं कुणी फिरकत नाही. त्यांची पाटीसुद्धा उपासना झाली की काढून ठेवावी लागते.

(दृश्य: पेटी, तबला. भजन संपतं. सेक्रेटरी खिशातून घडी घातलेला कागद काढतात.)

उपासनेला बसा, आणि सूचना संपेपर्यंत बसा. पाहुणे नेमके इथेच घड्याळ बघायला लागतात, आणि कामाचं सगळं इथेच असतं. केईएममध्ये एका काकांचं मंगळवारी ऑपरेशन, रक्त लागणार आहे. गुरुवारी घरगुती प्रार्थना, पाचवा मजला, लिफ्ट बंद. टाटा हॉस्पिटलबाहेर मुक्काम करणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी महिला मंडळाचे डबे या आठवड्यात कोण नेणार? आणि दहावीच्या मुलांना गणित शिकवायला कुणी आहे का? जागा आहे, मुलं आहेत, मास्तर नाही.

गणिताची ही सूचना लागोपाठ तीन रविवार ऐकू आली, तर मंडळीची गरज कोणती हे कुणी वेगळं सांगायला नको.

कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, हेच गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या माणसांना विचारावं. कुणाच्या घरी चूल थंड आहे हे त्यांना ठाऊक असतं, कारण ती घरोघर जातात.

(दृश्य: भायखळा, ह्यूम हायस्कूलचा परिसर. मग कुलाबा, बोवेन मेमोरियल चर्च.)

बाहेरून येऊन इथे काम करण्याची गोष्ट या शहरात जुनी आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. मराठी शाळा निघाल्या, १८२६ साली मराठीत बायबलचा नवा करार छापून झाला. पण मला जास्त जवळचा वाटतो याच मिशनचा जॉर्ज बोवेन. १८४८ साली आला आणि पुढच्याच वर्षी मिशनचा पगार घेणं त्याने थांबवलं. वस्तीत खोली घेतली, शिकवण्या करून पोट भरलं, रस्त्यावर उभं राहून बोलत राहिला. १८८८ मध्ये मुंबईतच वारला. आजच्या पंधरा दिवसांच्या दौऱ्यात असं राहता येणार नाही, हे उघड आहे. पण पंधरा दिवसांत भिंत रंगवून फोटो काढण्यापेक्षा गणिताचे बारा तास घेतलेले बरे. गेल्या वर्षी रंगवलेलीच भिंत पुन्हा रंगवायला पाहुणे हजर होतात, तेव्हा मंडळीतली जुनी माणसं काही बोलत नाहीत. चहा तेवढा देतात.

(दृश्य: दानार्पणाची थैली रांगेतून फिरते.)

आता पैशाचं. इथे भावना बाजूला ठेवायची. परदेशी नागरिकाने दिलेले पैसे, रुपयांत दिले तरी, कायद्याने विदेशी देणगी ठरतात. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. त्याच दुरुस्तीने एका संस्थेला आलेली विदेशी देणगी दुसरीकडे वळवायलाही बंदी घातली. म्हणजे मोठ्या संस्थेला द्या, ती छोट्या मंडळीला देईल, हा जुना रस्ता बंद. न्यू जर्सीतल्या भाच्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम यात धरली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर धरली जाते. सोबत परदेशी पाहुणे असतील, तर व्हिसाही बघा. टूरिस्ट व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो.

(दृश्य: वरळी, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. जिन्यावर फायली घेतलेली माणसं.)

भारतीय पैसा असला तरी ट्रस्टचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. शेड्यूल वनचा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीचा, उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं असतात. मुंबईत चर्चच्या मालमत्तांवरून वाद कमी नाहीत. उताऱ्यावरचे विश्वस्त वारलेले असतील आणि नवी नावं लावण्याचा बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून असेल, तर मोठी रक्कम देण्याआधी थांबा. थांबायचं ते पैशापुरतं. शिकवणी त्याच आठवड्यात सुरू करता येते.

पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, भेटाल तेव्हा काय हवंय, असं विचारू नका. मुंबईकर माणूस संकोचाने काही नको म्हणेल. तुमच्याकडे आत्ता काय चालू आहे, आणि कशात माणूस कमी पडतोय, असं विचारा. मग डायरी निघते. आणि बहुतेक वेळा पहिलं नाव निघतं ते कुणातरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं, ज्यांना बँकेत न्यायला सोबत हवी आहे, सोमवारी, साडेदहाला.