कोंबडा आरवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

संडे स्कूलमध्ये मी वल्हांडण सणाच्या, येशूला अटक झाली त्या रात्रीची गोष्ट सांगत होते. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणतो, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीन वेळा नाकारशील. पेत्र छातीठोकपणे सांगतो, मरेन पण नाकारणार नाही. आणि उजाडायच्या आत तिन्ही वेळा नाकारून मोकळा होतो. गोष्ट संपली तसा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा उठला. म्हणाला, "टीचर, पेत्राने नाकारलं नसतं तर येशू खोटा पडला असता. मग पेत्र बिचारा काय करणार होता?"

आपल्याकडे याला एक तयार उत्तर आहे. सहाव्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळावर लिहून जाते, आणि ते लिहिलेलं टळत नाही. ख्रिस्ती घरांतही "नशिबातच होतं ते" हे वाक्य सहज निघतं. सटवाईच्या हातातली लेखणी काढून देवाच्या हातात द्यायची, एवढाच काय तो फरक. त्यात बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की देवाला ज्यांचं पूर्वज्ञान होतं त्यांना त्याने आगाऊ नेमून ठेवलं. झालं, मग तर शिक्काच बसला. (आगाऊ हा शब्द वर्गात वाचला की मुलं हमखास हसतात. त्यांना तो शब्द घरी रोज ऐकू येतो, पण वेगळ्या अर्थाने.)

पण त्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: आधी जाणणं आणि आधी नेमणं. त्या सुट्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आधी जाणणं घेऊ. पंचांगात छापलं म्हणून ग्रहण लागत नाही. लागणार असतं म्हणून पंचांगात छापतात. एवढ्यावर बरेच जण समाधान मानतात. मी मानत नाही. पंचांग चुकू शकतं, देव चुकू शकत नाही, असं आपण म्हणतो ना? मग जे त्याला आधीच ठाऊक आहे ते घडल्यावाचून राहणारच नाही. मुलाचा प्रश्न जागच्या जागी उभा.

हा प्रश्न बोएथियसने तुरुंगात बसून सोडवायला घेतला. हा रोमचा मोठा अधिकारी. राजद्रोहाचा आरोप आला आणि 524च्या सुमारास त्याला ठार मारण्यात आलं. त्याचं म्हणणं असं की 'आधी' हा शब्दच देवाला लागू नाही. आपल्याला काळ घोटाघोटाने मिळतो. देवाला तो सगळा एकाच वेळी समोर असतो. पुढे थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने याला चांगला दृष्टांत दिला. रस्त्याने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, पण उंचावर उभा असलेल्याला सगळे एकदम दिसतात. आपण खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर उभे राहून घाट बघतो तसं समजा. खालची गाडी वळण घेते ते आपल्याला दिसतं. आपण बघतो म्हणून ती वळत नाही.

तरीही माझं मन रमतं ते बायबलच्या जुन्या करारातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात. तो उपदेशात फारसा येत नाही, का कोण जाणे. दावीद कईला नावाच्या गावाला पलिष्ट्यांच्या हातून सोडवतो आणि तिथेच मुक्काम करतो. शौल राजा त्याच्या जिवावर उठलेला. गावाला वेशी आहेत, अडसर आहेत. आत कोंडला की संपला. दावीद याजकाला एफोद, म्हणजे देवाचा कौल घेताना वापरायचं याजकाचं वस्त्र, आणायला सांगतो आणि देवाला दोन सरळ प्रश्न विचारतो. शौल इथे येईल का? देव म्हणतो, येईल. गावातले लोक मला त्याच्या हाती देतील का? देव म्हणतो, देतील. ज्या गावाला आत्ताच वाचवलं, ते गाव!

मग दावीद काय करतो? कपाळावर हात मारून बसत नाही. सुमारे 600 माणसं घेऊन तो गाव सोडतो. शौलाला खबर लागते, तो येणं रद्द करतो. देवाने सांगितलेल्या दोन्हींपैकी एकही गोष्ट घडत नाही, आणि तरी देव खोटा पडत नाही. दावीद थांबला तर काय होईल हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याने दावीदाला निघता यावं म्हणून सांगितलं. लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेज्विटाने 1588 साली याच धाग्यावर आपला ग्रंथ विणला: कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत आपल्या खुशीने काय करील, हेही देव जाणतो. डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाचे पंडित खवळले. रोममध्ये वर्षानुवर्षं वाद चालला, आणि 1607मध्ये पोप पाचव्या पॉलने कोणाच्याच बाजूने निकाल न देता दोघांनाही एकमेकांना पाखंडी म्हणायला बंदी केली. माझ्या मते शहाणा निकाल.

आता नेमणं. इथे जिनिव्हाचा प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन येतो आणि लोक दचकतात, कारण काहींना तारणासाठी आणि काहींना नाशासाठी नेमलं आहे, असं त्याने स्वच्छ लिहिलं. हा ठराव भयंकर आहे, हे मी कबूल करतो, असंही त्यानेच लिहिलं. पण त्याच्या ग्रंथाची 1559ची शेवटची आवृत्ती पाहा. निवडीचा, म्हणजे देवाने कोणाला नेमलं याचा विषय त्याने ग्रंथाच्या आरंभी ठेवला नाही. तिसऱ्या भागात विसावा अध्याय प्रार्थनेवर आहे, आणि निवड येते एकविसाव्यात. आधी गुडघे टेकायचे, मग मागे वळून म्हणायचं, अरे, मी इथवर आलो तो माझ्या हिमतीवर नाही. मागे वळून पाहताना हा शब्द आधार देतो. तोच पुढे धरून "शेजारी निवडलेला आहे की नाही" हे मोजायला बसलं की त्याची सटवाई होते.

मोजणारे निघालेच. 1618-19 साली हॉलंडमध्ये डॉर्टच्या धर्मसभेने कॅल्विनच्या बाजूने निर्णय दिला. विरोधकांची पाठराखण करणारा ज्येष्ठ मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट याचं 1619च्या मे महिन्यात डोकं उडवलं. कारणं राजकीयही होती, पण व्हायचं ते झालं.

इंग्लंडमध्ये निदान रक्त सांडलं नाही. 1739मध्ये मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने पूर्वनेमणुकीविरुद्ध जळजळीत उपदेश छापला आणि त्याचा जिवलग मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड दुखावला. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मैत्री मात्र सांधली गेली, आणि 1770मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर, त्याच्याच इच्छेप्रमाणे, लंडनमध्ये स्मृती-उपदेश केला तो वेस्लीने. तारीख 18 नोव्हेंबर. दोनशे वर्षं आणि अकरा दिवसांनी, 29 नोव्हेंबर 1970 रोजी, आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात कॅल्विनच्या परंपरेतल्या मंडळ्या आल्या, तशा वेस्लीच्या परंपरेतल्याही काही आल्या. आज ते एकाच बाकावर बसतात आणि बहुतेकांना आपले पूर्वज कशावरून भांडले याचा पत्ताही नसतो.

त्या मुलाला मी हे काही सांगितलं नाही. त्याला लूकचा बाविसावा अध्याय काढायला लावला. तिथे कोंबड्याचा उल्लेख येण्याआधी येशू पेत्राला म्हणतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. म्हणजे नाकारणार हेही ठाऊक, परत येणार हेही ठाऊक. आणि तरी प्रार्थना केली. लिहून ठेवलेलंच घडायचं असतं तर प्रार्थना कशाला?

मुलगा बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदासाठी? त्याच्यासाठीपण केली होती?"

त्या अध्यायात आम्ही दोघांनी बोट ठेवून शोधलं. घंटा झाली तरी शोधत होतो.