पात्यामागचं पातं

(दृश्य: अर्धवट उघडं शटर. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारा भुसा.)

हा भुसा सागाचा नाही. प्लायचा आहे, म्हणून घशाला लागतो. कोथरूडमधल्या एका बंगल्याचं हे गॅरेज. गाडी दोन पावसाळे बाहेर उभी आहे, कारण आतल्या १६ बाय ९ फुटांत काकांचं सुतारकाम चालतं. निवृत्तीनंतर शिकलेलं. इतके दिवस हातकरवत, रंधा आणि पटाशीवर भागलं. मग खांदा कुरकुरायला लागला आणि ठरलं, टेबल सॉ घ्यायची, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत.

कुठली घ्यायची, हे ठरायला पाच महिने लागले. त्यातल्या सहा दिवसांचं चित्रीकरण आमच्याकडे आहे.

(दृश्य: शेजारच्या इमारतीतला रिकामा फ्लॅट. मिस्त्रींचं टेबल.)

पहिला दिवस मिस्त्रींचा. तुम्ही नवं घर घेतलं असेल, तर हे टेबल तुमच्याही हॉलमध्ये महिनाभर उभं राहिलं असेल. दोन घोड्या, त्यांवर प्लायचा तुकडा, प्लायला पाडलेली झिरी आणि झिरीतून वर आलेलं पातं. खाली हातातला कटर उलटा बांधलाय. त्याचा खटका सुतळीने कायमचा दाबून ठेवलाय. चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बटणाने. फेन्स म्हणजे लाकूड टेकवून सरळ सरकवायची पट्टी; तिच्या जागी एक सरळ रीप आणि दोन क्लॅम्प.

हसू नका. या टेबलावर मिस्त्री दिवसभरात अख्ख्या कपाटाचा माल कापून काढतात आणि तो गुण्यात, म्हणजे काटकोनात असतो. रीप लावताना ते पात्याच्या पुढे माप घेतात, मग मागे घेतात, मग पुन्हा पुढे. इंच-मिलिमीटर आपल्यासाठी, ते सुतात बोलतात. एका इंचाचे आठ सूत. "मागं अर्धं सूत ढिलं ठेवायचं साहेब, नाहीतर माल आवळतो."

(दृश्य: मिस्त्रींचे हात, जवळून.)

डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेराशी संपते. त्याबद्दल ते एवढंच म्हणाले, "संध्याकाळ होती, शेवटचा तुकडा होता." मग त्यांनी पुढची रीप लावली.

(दृश्य: काकांची वही. रकाने, खाडाखोड.)

वहीत पहिल्या पानावर एकच रकाना होता, हॉर्सपॉवर. नवखा माणूस इथेच अडकतो. फर्निचरच्या कारखान्यात दिसतं ते ओतीव लोखंडाचं मशीन, खाली इंडक्शन मोटर, पट्ट्यावर चालणारं. आवाज कमी, आयुष्य मोठं, पण उचलायला चार माणसं. एकदा ठेवलं तिथेच राहणार. दुसरा प्रकार जॉबसाइट मशीनचा, म्हणजे कामाच्या जागी उचलून न्यायचं. यात कार्बन ब्रशची मोटर असते. ती किंचाळते, ब्रश झिजतात, पण अख्खं मशीन पंचवीस-तीस किलोंत बसतं. १८०० वॅटची मोटर आपल्या २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर ओढते. म्हणजे १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. टेबल फॅनच्या एक्स्टेन्शनवर हे चालवायचं नाही. गॅरेजमध्ये १८ एमएम प्लाय आणि दीड-दोन इंची साग चिरायला एवढी ताकद भरपूर. हॉर्सपॉवरचा रकाना तिथेच बंद झाला.

(दृश्य: फोनचा पडदा. व्हिडिओ कॉल.)

मग न्यू जर्सीचा भाचा आला, फोनवर. "मामा, सॉस्टॉप घे, मी पाठवतो." सॉस्टॉप म्हणजे बोट लागताच पातं थांबवणारी टेबल सॉ. ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्टीफन गॅस हा ओरेगॉनमधला पेटंट वकील, मूळचा भौतिकशास्त्रातला डॉक्टरेट. १९९९ मध्ये त्याने विचार केला की शरीरातून वीज वाहते, कोरड्या लाकडातून जवळजवळ वाहत नाही. मग पात्यालाच तो फरक कळला तर? पात्यावर सतत एक बारीक विद्युतसंकेत सोडलेला असतो. बोट लागलं की तो पडतो आणि स्प्रिंगच्या जोरावर ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे ब्रेक, दातांत घुसतो. पातं ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतं. बोटावर ओरखडा राहतो. पातं आणि ब्रेक, दोन्ही भंगारात. २००४ पासून ही मशीनं विकली जाऊ लागली. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाने तिथे वर्षाला ३०,००० हून जास्त लोक टेबल सॉच्या जखमा घेऊन इस्पितळात जातात.

पण भाच्याकडचं मशीन १२० व्होल्टचं. त्यासाठी इथे ट्रान्सफॉर्मर, वर बोटीचं भाडं, आणि ब्रेक एकदा सुटला की नवा पुन्हा तिकडूनच. काकांनी वहीत एक फुली मारली. ती मारताना त्यांनी बराच वेळ घेतला, तो आम्ही कापलेला नाही.

(दृश्य: मुंबई, नागदेवी स्ट्रीट. हातगाड्या, खोकी, दोरखंड.)

दुकानदाराने चेहरा दाखवू नका म्हणून सांगितलं, म्हणून इथेही हातच दिसतील. भाव ठरला तेव्हा कॅमेरा बंद होता.

काकांनी मोटर चालूच करायला सांगितली नाही. खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली. फेन्स सरकवली, लॉक केली, टेबलावरच्या खाचेपासून पुढे अंतर मोजलं, मागे मोजलं. खोलली. पुन्हा सरकवली, पुन्हा लॉक. असं दहा वेळा. मग लॉक केलेल्या फेन्सचं मागचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. पहिल्या मशीनची फेन्स फक्त पुढे आवळायची; मागे ती चांगली सूतभर हलली. दुसऱ्या मशीनला पुढे-मागे दोन्हीकडे दातेरी पट्टी होती, गोल मूठ फिरवली की दोन्ही टोकं बरोबरीने सरकायची. दहाही वेळा माप तेच.

फेन्स उघडते किती, हेही तिथेच मोजलं. प्लायची शीट ८ बाय ४ फूट. ती उभी दोन समान भागांत चिरायची, तर फेन्स जवळजवळ २४ इंचांपर्यंत जायलाच हवी.

(दृश्य: पातं, अगदी जवळून. त्याच्यामागचा पातळ पोलादी पत्रा.)

आणि हा पत्रा. रायव्हिंग नाइफ. आमच्याकडे याचं फुटेज गरजेपेक्षा जास्त आहे, ते आम्ही मुद्दाम सगळं लावलंय.

पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात वर येतात. चिरलेलं लाकूड मागे आवळलं किंवा तिरकं झालं, की मागचे दात ते उचलतात आणि तुमच्या अंगावर फेकतात. २५४ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ३६५० फेरे घेतं, तेव्हा दाताचा वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटर होतो. नाइफ त्या चिरेत उभी राहते आणि चीर मिटू देत नाही. पातं वर-खाली होईल तशी तीही होते. म्हणून अर्ध्या जाडीची खाच मारतानाही ती काढावी लागत नाही.

मेख जाडीत आहे. नाइफ पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा बारीक हवी. समजा नाइफवर २.३ मिलिमीटर लिहिलंय आणि तुम्ही स्वस्तात १.८ मिलिमीटर रुंद दाताचं पातं आणलं, तर लाकूड नाइफपाशी येऊन अडतं. मग माणूस काय करतो? नाइफ काढून ठेवतो. म्हणून नवं पातं घेताना मधलं भोक २५.४ की ३० मिलिमीटर हे बघता, तशी दाताची रुंदीही मोजून घ्या. प्लायसाठी ६० दाती, साग उभा चिरायला २४ दाती.

काकांनी दुसरं मशीन घेतलं. रंग निळा की पिवळा, हे विचारू नका. जाहिरात करायची नाही.

(दृश्य: गॅरेज. सकाळ. अख्खी शीट.)

पहिला काप. तीस-पस्तीस किलोंची शीट, टेबल जेमतेम दोन फुटांचं. मागे काकांनी त्याच उंचीचं टेबल जोडलंय, नाहीतर मशीनच उलटं झालं असतं. आठ फूट आत येणार, आठ फूट पुढे जाणार, गॅरेज सोळाचंच. म्हणून शटर पूर्ण वर, शीटचं शेपूट अंगणात. ते धरायला मिस्त्री आलेत. टेबलाभोवती एक चक्कर मारून त्यांनी फेन्सचं मागचं टोक दाबून पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

(आवाज: मोटर. निवेदन थांबते. काप पूर्ण होईपर्यंत मूळ ध्वनी.)

काकांनी गुडघ्याने लाल बटण दाबलं. आवाज बसला. पलीकडे पडलेल्या तुकड्याकडे मिस्त्रींचा हात सवयीने गेला आणि अर्ध्यात थांबला.

पातं अजून फिरत होतं.