त्याला रडू द्या

नमस्कार श्रोतेहो. सकाळी नळ सोडल्यावर पाणी आलं, की त्यामागे कुठेतरी एक पंप रात्रभर जागला होता हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आठवण होते ती तो बंद पडल्यावर, आणि चवथीच्या दिवसांत बंद पडला तर विचारूच नका! आपल्या गोव्यात तिसवाडीला ओपाचं पाणी, बार्देशला अस्नोड्याचं, दक्षिणेला साळावलीचं. सगळीकडे अडचण तीच: पाणी खाली, टाकी टेकडीवर.

नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, जिथून बाहेर येतो, तिथे त्याच्याभोवतीच्या कप्प्यात, ग्लँडमध्ये, ग्रीस लावलेली चौकोनी दोरी ठासलेली असते. तिथून थेंब पडत होते. साहेब तपासणीला येणार, गळती दिसली तर बोलणी बसणार, म्हणून मी पाना घेऊन ग्लँडचे दोन्ही नट करकचून आवळले. जमीन कोरडी ठणठणीत! तासाभरात जळका वास आला. उघडून पाहिलं तर शाफ्टवर चढवलेल्या नळीवर, स्लीव्हवर, नखाला लागेल अशी खाच. म्हातारे ऑपरेटर एवढंच म्हणाले, ‘पुता, ताका मातशें रडूंक दी.’ ते थेंबच दोरीला थंड ठेवतात. मिनिटाला चाळीस-पन्नास पडले तर पंप खुशाल आहे असं समजायचं. धार लागली तर मात्र नट थोडे आवळायचे, तेही दोन्ही सारखे.

आता दुसरी गंमत. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त आतला दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिचं बळ जेमतेम 10 मीटरचं. घर्षण वगैरे वजा जाता हाती सहा-सात मीटर उरतात. मे महिन्यात नदी खाली गेली की हे गणित बिघडतं. दाब इतका उतरतो की गार पाणीच आत उकळू लागतं. त्याचे बुडबुडे पंपाच्या आत फिरणाऱ्या पंख्यावर फुटतात आणि पंपात कुणी मूठभर खडी टाकल्यासारखा आवाज येतो. पावसात वेगळीच कटकट: नळीच्या खालच्या टोकाला पाणी अडवून धरणारी झडप असते, त्या फूट व्हॉल्वमध्ये पाचोळा अडकतो, पाणी उतरतं, पंप हवा धरतो. जाळी साफ करून पुन्हा पाणी भरायचं, दुसरा इलाज नाही.

घरच्या पंपाविषयी एकच सांगतो. सरकारी लाइनला थेट पंप जोडू नका. लाइनमधला दाब उतरला की फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं, आणि ते तुमच्याच कळशीत पडतं. आधी जमिनीतल्या टाकीत घ्या, मग चढवा.

खडीचा आवाज ऐकलेला एक पितळी पंखा मी भंगारवाल्याकडून विकत आणून सोप्यावर ठेवलाय. बुडबुड्यांनी पाडलेली भोकं बघून पाहुणे विचारतात, वाळवी लागली काय?