एक जूनच्या रांगेतली वेगळी तारीख

बेळगावच्या कॅम्पातलं सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चं, जेझुइट फादरांनी सुरू केलेलं. मोठ्या शाळेचं साल असं चटकन सांगता येतं. खानापूरकडच्या एखाद्या लहानशा चर्चच्या शाळेचं साल किंवा तिथल्या जुन्या पोरांच्या जन्मतारखा विचारल्या, तर मात्र दोन वह्या समोरासमोर ठेवाव्या लागतात: शाळेचं जनरल रजिस्टर आणि चर्चचं बाप्तिस्म्याचं पुस्तक.

रजिस्टरचा जन्मतारखेचा रकाना बघा. एक जून, एक जून, पुन्हा एक जून. जन्माची नोंद नसलेलं पोर आलं, की मास्तर अंदाजानं वय धरायचे आणि शाळा उघडायच्या महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. मधेच चौदा सप्टेंबर दिसलं, तर ते पोर बहुधा चर्चचा दाखला घेऊन आलेलं.

आता चर्चचं पुस्तक. १९६० च्या दशकाआधीच्या नोंदी बहुतेक लॅटिनमध्ये, जुन्या गोवेकरी वळणाच्या असतील तर पोर्तुगीजमध्ये. इथला ‘योआन्नेस’ घरी जुआंव असतो आणि शाळेत जॉन होतो. त्यामुळे नावावर विसंबू नये, आईबापांची नावं जुळवावीत. महिन्यांत तर हमखास फसगत होते. आकडा ७ आणि त्याला चिकटून ‘ब्रिस’ असं लिहिलेलं असलं, तर तो सप्टेंबर, कारण लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ म्हणजे सात. तसंच ८ (‘ऑक्टो’) म्हणजे ऑक्टोबर. जुलै समजून उतरवलं, की पोर दोन महिन्यांनी थोरलं होतं. दुसरी चूक कारकुनी: जन्माऐवजी बाप्तिस्म्याचीच तारीख रजिस्टरात चढते.

सुट्या कागदांवर तारीख नसली तर शिक्का वाचावा. ‘मुंबई राज्य’ असेल तर कागद १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. ‘म्हैसूर’ १९७३ पर्यंत, पुढे ‘कर्नाटक’. ‘बेळगावी’ हे सरकारी नाव २०१४ चं. अर्थात काटकसरी हेडमास्तर जुना शिक्का झिजेपर्यंत वापरायचे, म्हणून दोनेक वर्षांची सूट ठेवावी.

खानापूरच्या पावसात पानं एकमेकांना चिकटतात. ती ओढली, की शाई वरच्या पानाबरोबर निघून येते. आधी सावलीत वाळू द्यावीत.

आणि शाळेच्या परवानगीची चर्चकडची जुनी पत्रं बेळगावात सापडली नाहीत, तर घाबरायचं कारण नाही. बेळगावचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला इलाखाच १९५३ चा. त्याआधी हा मुलूख गोवा आणि पुणे या दोन धर्मप्रांतांत वाटलेला होता. चर्च कुणाकडे होतं ते बघून पणजी किंवा पुणं गाठावं.